दाताच्या विम्याआधी दाताच्या भीतीचं बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबणार आहे, पण विषय घरोघरचा आहे म्हणून जागा द्याल अशी विनंती. मी अमळनेरला एका पतसंस्थेत काउंटरवर काम करते आणि आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या वह्याही माझ्याकडेच असतात, त्यामुळे कोणाच्या घरात पैसा कशावर जातोय हे आपोआप कळतं. कापूस विकला गेला, केळीचं पेमेंट आलं की एजंट लोकांचे फोन सुरू होतात आणि हल्ली त्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "ताई, या पॉलिसीत आता दातांचंपण कव्हर आहे, थोडेच पैसे जास्त भरायचे." त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी निघाला, तेव्हापासून तर लोकांना वाटतंय घेऊनच टाकावं. गटातल्या बायका विचारतात, घेऊ का गं? एकेकीला सांगून पुरत नाही म्हणून हे पत्र.

माझं मत आधीच सांगून टाकते. हेल्थ पॉलिसी घ्या, जरूर घ्या, ॲडमिट व्हायची वेळ आली तर तीच कामाला येते. पण निव्वळ दातांसाठी म्हणून वर जे जास्तीचे पैसे मागतात ते आपल्या भागातल्या बहुतेक घरांचे वसूल होत नाहीत. आणि दाताचं बिल फुगतं ते जास्त करून उशिरामुळे, आणि उशीर होतो तो भीतीमुळे. ती भीती आहे तोवर कुठलीही पॉलिसी घेऊन फार फरक पडणार नाही.

आधी पॉलिसीचं बघू. साध्या हेल्थ पॉलिसीत दातांची ट्रीटमेंट सहसा बसतच नाही. मोटरसायकलवरून पडलात, जबड्याला मार लागला, त्यासाठी ॲडमिट व्हावं लागलं, तर ते मिळतं. पण दात किडला, सिमेंट भरलं, रूट कॅनाल केलं, कॅप बसवली, कवळी केली, ही सगळी खुर्चीत बसून होणारी कामं, संध्याकाळी माणूस घरी जेवायला असतो, म्हणून ती ओपीडीत धरतात आणि ओपीडीचा खर्च साध्या पॉलिसीत नसतो. मग त्यासाठी वेगळा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घ्यायचं जास्तीचं कव्हर, आणि वेगळा प्रीमियम. पुष्कळ लोकांचा असाही समज आहे की महात्मा फुले योजनेत दाढेचं होऊन जाईल, ५ लाखांपर्यंत फुकट आहे ना. ते ५ लाख आहेत, खरं आहे, पण यादीत ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आणि योजनेतल्या दवाखान्यांत. जबड्याचं फ्रॅक्चर, तोंडाचा कॅन्सर असं काही मोठं असलं तर जरूर चौकशी करा, योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो त्याला विचारा. किडलेल्या दाढेवर कॅप बसवायला मात्र ती योजना नाही.

आता रायडरचा हिशोब मांडून बघा, मी गटात पाटीवर असाच मांडला होता. आकडे समजण्यापुरते धरतेय, प्रत्येक कंपनीचे वेगळे असतील. धरा की दातांसाठी वर्षाला २,५०० रुपये जास्त भरायचे, वर्षात जास्तीत जास्त ५,००० मिळणार, आणि पहिलं एक वर्ष वेटिंग, म्हणजे त्या वर्षी काहीच मिळणार नाही. दुसऱ्या वर्षी दाढ दुखली, रूट कॅनाल नि कॅप मिळून ९,००० झाले. कंपनी ५,००० देईल, ४,००० तुमचे. तोवर दोन वर्षांचे ५,००० तुम्ही भरून बसलात. म्हणजे ज्या वर्षी दाढ दुखली त्या वर्षीसुद्धा हिशोब फक्त बरोबरीत आला, आणि पुढच्या वर्षी काही दुखलं नाही तर तोट्यात. त्यात ती लिमिट माणशी आहे की घरातल्या सगळ्यांना मिळून, हे कोणी विचारत नाही. सगळ्यांना मिळून असेल आणि नवरा-बायको दोघांच्या दाढांचं काम एकाच वर्षी निघालं तर ५,००० मध्ये दोघांनी काय करायचं. वाकडे दात सरळ करायच्या तारा, इम्प्लांट, दात पांढरे करणं, हे बऱ्याच ठिकाणी वगळलेलंच असतं आणि खरं तर लोकांच्या डोक्यात तेच महागाचं काम असतं.

अजून एक, आपल्या भागासाठी जास्त महत्त्वाचं. कॅशलेस म्हणतात ते, म्हणजे कार्ड दाखवायचं नि बिल कंपनीने परस्पर भरायचं, ठराविक दवाखान्यांतच चालतं. एजंटला विचारा की भाऊ, अमळनेर, पारोळा, चोपडा, शिरपूर, शहादा, यातल्या कुठल्या दवाखान्यात हे कार्ड चालतं, नाव सांग, यादी दाखव. यादीत सगळे पुण्या-नाशिकचे दवाखाने असतील तर दाढेसाठी तिकडे कोण जाणार, एसटीचं भाडं नि मजुरीचा खाडा धरला तर लिमिट तिथेच संपली. नंतर बिल लावून पैसे घ्यायचे असतील तर पक्कं बिल, डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर, एक्स-रे, चिठ्ठी, सगळं लागतं, आणि आपल्याकडे अर्ध्या दवाखान्यांत कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून देतात.

कंपनी लुबाडते असंही मी म्हणणार नाही. केळीचा फळपीक विमा जसा चालतो, वादळ कोणाच्या बागेत शिरेल कोणालाच माहीत नसतं म्हणून सगळे थोडं थोडं भरतात आणि ज्याची बाग आडवी होते त्याला मिळतं, तसं दाताचं होत नाही. ज्याची दाढ ठणकायला लागलीय तोच दातांचं कव्हर शोधत येतो. सगळेच ठणकणारे आले तर कंपनी पैसे देणार कुठून, म्हणून ती वेटिंग लावते, लिमिट लावते, आणि शेवटी जे हातात उरतं ते आपणच भरलेले पैसे थोडे कापून परत आल्यासारखं असतं.

माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो, त्याला मी मुद्दाम विचारलं कारण तिकडे दातांचा विमा वेगळाच असतो, हेल्थचा वेगळा नि दातांचा वेगळा. तो म्हणाला मावशी, इथे बहुतेक प्लॅनमध्ये १००, ८०, ५० असं चालतं, म्हणजे तपासणी नि क्लिनिंग पूर्ण, सिमेंट वगैरेला ८० टक्के, कॅपसारख्या मोठ्या कामाला ५० टक्के, आणि वर्षाची कमाल लिमिट साधारण हजार ते दोन हजार डॉलर, त्याच्या पुढचं सगळं आपलं. एका कॅपलाच तिथे हजार डॉलरच्या वर जातात. तरी त्याला तो विमा परवडतो, कारण प्रीमियमचा मोठा वाटा त्याच्या नोकरीची कंपनी भरते आणि वर्षातून दोनदा क्लिनिंग फुकट होतं म्हणून तो न चुकता जातो. मला त्याच्या बोलण्यातलं हे महत्त्वाचं वाटलं, की दुखत नसताना जायची सवय त्या विम्यामुळे लागली. आपल्याकडचे रायडर ही सवय लावत नाहीत. उलट मी असे लोक बघितलेत की वेटिंग संपेपर्यंत थांबू म्हणून दुखणारी दाढ घेऊन बसले, आणि सिमेंटमध्ये निभावलं असतं ते काम काढण्यावर गेलं.

मग कोणी घ्यावा? ज्याच्या नोकरीतच तो मिळतो त्याने जरूर वापरावा. एमआयडीसीत चटई कारखान्यात, दाल मिलमध्ये कामाला असलेल्यांनी आपली ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विम्याची वर्गणी, कापली जाते का ते पगारपत्रकात बघावं. २१,००० पर्यंत पगार असलेल्यांच्या पगारातून ०.७५ टक्का जातो आणि मालक ३.२५ टक्के भरतो, त्यात घरच्यांचेही उपचार येतात, दातांचं कुठे होतं ते डिस्पेन्सरीत विचारा. पैसे कापले जातात पण कार्ड कपाटात पडून असतं अशी कितीतरी घरं आहेत. भुसावळच्या रेल्वेवाल्यांना त्यांचा दवाखाना आहे. आणि ज्याला बाहेरून घ्यायचाच आहे त्याने प्रीमियम, वर्षाची लिमिट, वेटिंग आणि जवळचा दवाखाना, एवढं कागदावर लिहून घ्यावं. पॉलिसीसोबत कस्टमर इन्फॉर्मेशन शीट नावाचा कागद देणं कंपनीला बंधनकारक आहे, त्यात काय मिळतं नि काय मिळत नाही हे थोडक्यात असतं आणि मागितला तर तो मराठीतही मिळतो. मागा. हक्काने मागा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत नको वाटली तर परत करता येते, तेही एजंट सहसा सांगत नाही. क्लेमवरून वाद झाला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, तिथे फी लागत नाही नि वकीलही लागत नाही.

विम्याचं एवढं पुरे. आता भीतीचं, कारण माझा खरा जीव त्यात आहे.

आमचे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, रात्री बाराला लाइट आली तर एकटे बॅटरी घेऊन शेतात मोटर चालू करायला जाणारा माणूस. पण दाताचा दवाखाना म्हटलं की हात थरथरायचे. त्यांची खालची दाढ किती तरी दिवस दुखत होती. आधी लवंग, मग लवंगाचं तेल, मग कोणी सांगितलं म्हणून तपकीर दाबली, मग डोकेदुखीची गोळी कुटून हिरडीवर ठेवली, त्याने हिरडी पांढरी पडून सोलली. हे कोणी करू नका, ती गोळी गिळायची असते, हिरडीला लागली तर भाजते. नंतर एक दिवस दुखायचं एकदम थांबलं. नाना खूश, बिबडे खाऊन दाखवले सगळ्यांना. आम्हालाही वाटलं बरं झालं. पुढे लग्नसराईत एका सकाळी उठले तर गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला, अंगात ताप.

डॉक्टर बाईंनी नंतर समजावलं ते मी सगळ्यांना सांगत असते. दाताचं वरचं आवरण कडक असतं, तिथे कीड असते तोवर दुखत नाही, म्हणून आपण जात नाही. आतल्या थरात गेली की थंड-गोड लागतं. अजून आत नस असते, तिथे पोचली की रात्रीची झोप जाते. आणि ती नस मेली की दुखणं थांबतं, पण इन्फेक्शन मुळाच्या टोकाने हाडात उतरत राहतं. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं, या समजुतीत आपल्याकडे दाढा जातात. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर उद्यावर टाकायचं नाही, मोठ्या दवाखान्यात जायचं, ती सूज गळ्याकडे उतरली तर श्वासाला अडथळा येतो.

तर नाना. गाडीत बसायला तयार नाहीत. "माले नको नेऊ तठे" एवढंच. तेव्हा कळलं की तरुणपणी बाजाराच्या दिवशी एका माणसाने त्यांना स्टुलावर बसवून, बधिर करायची सुई न देता, दोघांनी धरून दाढ उपटली होती. ती गोष्ट त्यांनी सासूबाईंनाही सांगितली नव्हती. इतकी वर्षं सगळे म्हणायचे नाना हट्टी आहेत.

डॉक्टर बाईंनी पहिल्या दिवशी त्यांना झोपवलंच नाही. खुर्ची सरळ ठेवली, समोर स्टूल घेऊन बसल्या आणि विचारलं, नाना, मागे काय झालं होतं ते सांगा. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या आज मी फक्त बघणार आणि गोळ्या देणार, काही करणार नाही. आणि खरंच काही केलं नाही, याचा नानांवर फार परिणाम झाला. सूज उतरल्यावर परत गेलो तेव्हा हिरडीला आधी जेल लावलं, त्याने वरची कातडी बधिर होते, मग सुई अगदी हळू दिली, मग थांबल्या, ओठ जड झाला का विचारलं, टोचून बघितलं. आणि एक सांगितलं, तुम्ही डावा हात वर केला की मी लगेच थांबणार, कारण विचारणार नाही. काम सुरू झाल्याबरोबर नानांनी हात वर केला. दुखत नव्हतं, ती बाई शब्द पाळते का बघत होते. ती थांबली. थोड्या वेळाने परत केला, परत थांबली. त्यानंतर हात काही वर गेला नाही आणि दाढ निघालेली त्यांना ट्रेमध्ये बघून कळली.

एवढंच लागतं हो. आपल्या हातात काहीतरी आहे, आपण थांबवू शकतो, हे माणसाला कळलं की निम्मी भीती उतरते. यासाठी मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत, दहा मिनिटं लागतात.

काही गोष्टी आधी माहीत असल्या तर खुर्चीत बसल्यावर घाबरायला होत नाही. सुईने दुखणं जातं पण दाबल्याचं, हलवल्याचं कळतं, ते कळलं म्हणजे सुई लागली नाही असं नाही. त्या इंजेक्शनात बऱ्याचदा ॲड्रेनॅलिन असतं, त्याने थोडा वेळ छातीत धडधडतं, लोकांना वाटतं हार्ट अटॅक आला, काही मिनिटांत ते बसतं. ब्लड प्रेशर, हार्टचा त्रास, शुगर असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका. शुगरवाल्यांनी तर हिरड्यांकडे जास्तच लक्ष द्यावं, शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आवरत नाही. भीतीने उपाशी जाऊ नका, चक्कर बहुतेक वेळा त्यानेच येते. सकाळची पहिली वेळ घ्या, दिवसभर विचार करत बसायला नको. मशीनच्या आवाजाचीच भीती असेल तर कानात गाणी लावायची परवानगी मागा, देतात. श्वास नाकाने घ्या, आणि घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. कोणाला खूपच त्रास होत असेल तर मोठ्या शहरांतल्या काही दवाखान्यांत नाकाने वास देऊन गुंगीत काम करायची सोय असते, आधी फोन करून विचारता येतं, त्यात कमीपणा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे नानांच्या बाबतीत आम्हाला नंतर समजलं. पू झालेल्या जागी सुई नीट लागत नाही, तिथली जागा आम्लधर्मी झालेली असते आणि औषध कमी काम करतं. म्हणजे भीतीने जितकं लांबवाल तितकं खरंच जास्त दुखण्याची शक्यता, आणि एकदा दुखलं की भीती पक्की. वेळेवर गेलात तर कित्येकदा छोट्या सिमेंटला सुईसुद्धा लागत नाही. पैशाचंही तेच, सिमेंट शेकड्यात होतं, रूट कॅनाल-कॅप हजारात, आणि दाढ काढून इम्प्लांट करायचं म्हटलं तर कोणी ट्रॅक्टरच्या हप्त्याएवढा आकडा सांगतं.

बायकांसाठी एक वेगळं लिहायचंय. दाढ दुखली की मिसरी लावायची आणि मग ती सुटतच नाही, हे आपल्याकडे किती घरांत आहे ते सगळ्यांना माहीत आहे. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे पण पोरांच्या खिशात काय असतं ते आपण बघतोच, आणि सुपारीने तोंड हळूहळू उघडेनासं होतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, किंवा तोंडातला पांढरा-लाल चट्टा, जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नसेल, तर दाताच्या डॉक्टरला दाखवा. मिसरी लावतेस म्हणून ओरडतील या धाकाने बायका तोंडच दाखवत नाहीत, हीसुद्धा दवाखान्याची भीतीच आहे, आणि डॉक्टरांनी ती ओळखावी. आधी ओरडायचं नाही, आधी तपासायचं.

लेकरांना "गप बस नाहीतर डॉक्टर सुई देईल" म्हणणं तर बंदच करायला पाहिजे. सहाव्या वर्षाच्या आसपास मागे जी दाढ येते ती दुधाची नसते, आयुष्यभराची असते, आणि आईबापांना वाटतं पडून जाईल दुसरी येईल. तिला कीड लागली तर दुसरी येत नाही. पोराला पहिल्यांदा दुखत नसताना न्या, नुसतं खुर्चीत बसू द्या, आरसा हातात धरू द्या.

खर्चाचं कसं करायचं ते विचाराल तर आमच्या गटाने एक केलंय. भिशीसारखं, पण दातांसाठी वेगळं. दर महिन्याला प्रत्येकीने ५० रुपये जास्त टाकायचे, २० बायकांचे महिन्याला हजार, वर्षाला १२,००० होतात. ज्या बाईच्या घरात दाताचं काम निघेल तिला त्यातून बिनव्याजी उचल मिळते, फेड छोट्या हप्त्यांत. ही मदत नाही, उचल आहे, म्हणून डबा रिकामा होत नाही. आणि नियम असा ठेवलाय की वर्षातून एकदा घरातल्या सगळ्यांची तपासणी करून आल्याची चिठ्ठी दाखवली नाही तर उचलीत तिचा नंबर शेवटी. यात वेटिंग नाही, वगळलेलं काम नाही, आणि कुठल्या दवाखान्यात जायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. मोठं काम असेल आणि पैसे कमी असतील तर धुळ्याला एसीपीएम डेंटल कॉलेज आहे, आपल्याकडून एसटीने जाऊन-येऊन होतं, चाळीसगाव-पाचोऱ्याकडच्यांना संभाजीनगरचं सरकारी दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकणारे डॉक्टर त्यांच्या सरांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त पडतात, पण काम टप्प्याटप्प्याने तपासून होतं. बाजारात पेटी मांडून स्वस्तात दात बसवणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका, डॉक्टरचं राज्य दंत परिषदेचं रजिस्ट्रेशन भिंतीवर लावलेलं असतं ते बघा.

आपल्या भागातल्या दाताच्या डॉक्टरांनाही हात जोडून सांगायचंय. मला स्वतःला एका दवाखान्यात, नाव लिहीत नाही, तोंडी एक आकडा सांगितला आणि काम अर्धं झाल्यावर दुसरा. सुई दिलेलं तोंड घेऊन माणूस भाव कसा करणार? परत त्या दवाखान्याची पायरी चढायची इच्छा झाली नाही आणि मी सगळ्यांना घेऊन जाणारी बाई आहे, तर बाकीच्यांचं काय होत असेल. दर दर्शनी भागात मराठीत लावा, काम सुरू करायच्या आधी अंदाज लिहून द्या, बिल पक्कं द्या. आणि आठवड्यातून एक वेळ घाबरणाऱ्या पेशंटसाठी ठेवता आली तर ठेवा, ज्यात पहिल्या दिवशी फक्त बोलायचं नि बघायचं. दारावर तशी पाटी लावली तर किती लोक येतील बघा, माझ्या ओळखीतलेच कितीतरी आहेत.

संपादक साहेब, आपल्याला एक विनंती. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत कुठल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात दाताचा डॉक्टर आहे, कोणत्या वारी बसतो, तिथे सिमेंट होतं का रूट कॅनाल होतं का नुसतं दात काढणं होतं, याची तालुक्याप्रमाणे यादी आपल्या पेपरात छापा. आपल्या बातमीदारांना ते सहज जमेल. लोक ते कात्रण कापून ठेवतील, आणि तळोदा-अक्कलकुव्याकडच्या लोकांना त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होईल, कारण त्यांना नुसतं विचारायलासुद्धा एक दिवस मोडावा लागतो.

आमच्या गटाच्या दातांच्या भिशीचे नियम एका पानात बसतात. कोणाला हवे असतील तर मी आपल्या अमळनेर कार्यालयात प्रत आणून ठेवते, तिथून घेऊन जावी.

कळावे,
आपली एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव